विषयनोंदणी आणि वेळापत्रक : एका जोडप्रश्नाचा विचार

प्रत्येक सत्राच्या आरंभी विद्यापीठाच्या विभागांत दोन कामे चालू असतात. एक, विद्यार्थ्यांची विषयवार नोंदणी. दुसरे, तासिकांचे वेळापत्रक. पहिले काम कार्यालयाचे आणि दुसरे विभागातील एखाद्या उत्साही अथवा निरुपाय झालेल्या प्राध्यापकाचे, अशी आपल्याकडील सर्वसाधारण वाटणी आहे. दोन्ही कामे निव्वळ व्यवस्थेची समजली जातात आणि विद्याविषयक चर्चेत त्यांना सहसा स्थान मिळत नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ही दोन कामे एकाच प्रश्नाची दोन अंगे आहेत. ती कोणत्या क्रमाने केली जातात यावर विद्यार्थ्याला प्रत्यक्षात किती निवड मिळते हे अवलंबून असते. आणि हा क्रम चुकला तर नोंदणीचे आकडेही आपल्याला चुकीचे निष्कर्ष काढावयास लावतात.

१. वर्गाकडून विद्यार्थ्याकडे

मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठे १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली. परीक्षा घेणे व पदव्या देणे हे त्यांचे मुख्य कार्य होते. अध्यापन संलग्न महाविद्यालयांत होत असे. १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांना स्वतः अध्यापन करण्याची वाट मोकळी करून दिली, तरी व्यवस्थेचा मूळ घटक 'वर्ग' हाच राहिला. एका वर्गातील विद्यार्थी बहुतांश विषय एकत्र शिकत, आणि ऐच्छिक विषय ठरावीक गटांतून निवडावयाचे असत. अशा व्यवस्थेत वेळापत्रक म्हणजे एका बाजूस वर्ग व दुसऱ्या बाजूस शिक्षक मांडून भरलेला तक्ता होय. एक वर्ग एका वेळी एकाच शिक्षकापुढे असावा व एक शिक्षक एका वेळी एकाच वर्गात असावा, एवढे पाळले की काम झाले. विद्यार्थी या तक्त्यात कोठेही व्यक्ती म्हणून येत नाही.

विद्यार्थ्याने आपले विषय स्वतः निवडावेत ही कल्पना अमेरिकेत विशेष रुजली. चार्ल्स एलियट हे १८६९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि त्यांच्या चाळीस वर्षांच्या कारकीर्दीत तेथील बहुतेक सक्तीचे विषय ऐच्छिक करण्यात आले. आपल्याकडे हा विचार धोरणाच्या पातळीवर बऱ्याच उशिरा आला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५-१६ च्या सुमारास निवडीवर आधारित श्रेयांक पद्धतीचा पुरस्कार केला. जुलै २०२० मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर झाले, २०२१ मध्ये श्रेयांक साठविण्यासाठी बँकेची योजना आली, आणि डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० व चार वर्षांच्या पदवीसाठी किमान १६० श्रेयांक ठरविण्यात आले. मेजर व मायनर या नावांनी आता परिचित झालेले मुख्य व गौण विषय, त्यांखेरीज बहुविद्याशाखीय विषय, भाषा, कौशल्ये अशी ही रचना आहे.

या बदलाचा एक परिणाम पुरेसा लक्षात घेतला गेलेला नाही. वर्ग हा घटक मोडला की वेळापत्रकाचा तक्ता वर्ग व शिक्षक यांच्यापुरता राहत नाही. त्यात प्रत्येक विद्यार्थी स्वतंत्रपणे प्रवेश करतो. अभ्यासपत्रिकेत पन्नास विषयांची यादी छापता येते; परंतु दोन विषय सोमवारी सकाळी दहा वाजता एकाच वेळी शिकविले जात असतील, तर त्या दोहोंची जोडी यादीत असूनही नसल्यासारखीच होय.

२. सोपा प्रश्न कोणता आणि अवघड कोणता

वर्ग व शिक्षक यांचा जुना तक्ता गणिताच्या दृष्टीने तुलनेने सोपा आहे. हंगेरीचे गणिती डेनेश क्यॉनिग यांनी १९१६ मध्ये सिद्ध केलेल्या एका प्रमेयाचा अर्थ या संदर्भात असा होतो : कोणत्याही शिक्षकाला अथवा वर्गाला आठवड्यात जास्तीत जास्त जितक्या तासिका असतील, तितक्याच तासिकांत संपूर्ण वेळापत्रक बसविता येते. एखाद्याला तीस तासिका असतील आणि इतर कोणालाही त्याहून अधिक नसतील, तर आठवड्याच्या तीस तासिका पुरतात. एकतिसाव्या तासिकेची गरज पडत नाही. मात्र शिक्षकांच्या उपलब्ध वेळांवर बंधने आली की हे समाधान टिकत नाही. शिमॉन एव्हन, अलॉन इताई व आदी शमीर यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले की, अशी बंधने असलेला वेळापत्रकाचा प्रश्न अत्यंत कठीण प्रश्नांच्या त्या सुप्रसिद्ध वर्गात मोडतो, ज्यातील कोणत्याही प्रश्नाला सर्व प्रसंगी झटपट उत्तर देणारी रीत आजवर सापडलेली नाही.

विद्यार्थ्याची निवड आली की प्रश्नाचे स्वरूपच बदलते. प्रत्येक विषयासाठी कागदावर एक बिंदू काढावा. ज्या दोन विषयांची निवड निदान एका विद्यार्थ्याने एकत्र केली आहे, ते बिंदू रेषेने जोडावेत. रेषेने जोडलेले विषय एकाच वेळी ठेवता येत नाहीत. आता प्रत्येक वेळेला एक रंग कल्पून बिंदू असे रंगवावयाचे की, जोडलेल्या दोन बिंदूंना एकच रंग येऊ नये. कमीत कमी किती रंग लागतील, हाच वेळापत्रकाचा प्रश्न होय. रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये कठीण म्हणून सिद्ध केलेल्या एकवीस प्रश्नांच्या यादीत हाही आहे. सर्व शक्यता तपासून पाहण्याचा मार्ग येथे बंद असतो. अवघे तीस विषय दहा वेळांत मांडावयाचे म्हटले तरी मांडण्यांची संख्या १० चा ३० वा घात एवढी होते.

व्यवहारात मात्र सरसकट हताश होण्याचे कारण नाही. डी. जे. ए. वेल्श व एम. बी. पॉवेल यांनी १९६७ मध्ये एक साधी रीत मांडली आणि तिचा वेळापत्रकाशी असलेला संबंधही दाखविला. ज्या विषयाचे सर्वाधिक विषयांशी संघर्ष आहेत तो प्रथम ठेवावा. मग त्याच वेळी त्याच्याशी व एकमेकांशी संघर्ष नसलेले जितके विषय बसतील तितके बसवावेत. नंतर पुढची वेळ घ्यावी. ही रीत नेहमीच सर्वोत्तम उत्तर देते असे नाही. पण ती कागद-पेन्सिलीने वापरता येते, आणि विभागाच्या पातळीवर बहुधा उपयोगी पडते.

३. एका विद्यार्थ्याचा प्रश्न

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सहा ऐच्छिक विषय आहेत : भाषाविज्ञान, संख्याशास्त्र, संस्कृत, मानसशास्त्र, अर्थशास्त्र व नाट्यशास्त्र. प्रत्येक विद्यार्थ्याने तीन निवडावयाचे आहेत. शंभर विद्यार्थी पंचवीस-पंचवीसच्या चार गटांत पडतात, असे समजू. पहिल्या गटाने भाषाविज्ञान, संस्कृत व संख्याशास्त्र घेतले; दुसऱ्याने भाषाविज्ञान, मानसशास्त्र व संख्याशास्त्र; तिसऱ्याने अर्थशास्त्र, मानसशास्त्र व संख्याशास्त्र; चौथ्याने भाषाविज्ञान, संस्कृत व नाट्यशास्त्र.

भाषाविज्ञान व संख्याशास्त्र यांचे प्रत्येकी चार विषयांशी संघर्ष आहेत, संस्कृत व मानसशास्त्र यांचे तीन-तीन, आणि अर्थशास्त्र व नाट्यशास्त्र यांचे दोन-दोन. वरील रीतीने पहिल्या वेळी भाषाविज्ञान ठेवले तर त्याच्यासोबत अर्थशास्त्र बसते. दुसऱ्या वेळी संख्याशास्त्र व नाट्यशास्त्र. तिसऱ्या वेळी संस्कृत व मानसशास्त्र. तीन वेळांत सहा विषय आणि शंभर विद्यार्थी बिनतक्रार सामावले. प्रत्येकाला तीन विषय हवे असल्यामुळे याहून कमी वेळा पुरणे शक्यच नाही. तेव्हा हे सर्वोत्तम उत्तर आहे.

आता एकशे पहिला विद्यार्थी येतो. त्याला भाषाविज्ञान, अर्थशास्त्र व संख्याशास्त्र हवे आहेत. भाषेच्या आर्थिक अंगाचा संख्यात्मक अभ्यास करावा, असा त्याचा विचार असेल. त्याची मागणी इतरांहून जास्त नाही. त्यालाही तीनच विषय हवे आहेत. परंतु त्याच्यामुळे भाषाविज्ञान व अर्थशास्त्र यांच्यात नवी रेषा निर्माण होते. त्याबरोबर भाषाविज्ञान, संख्याशास्त्र, मानसशास्त्र व अर्थशास्त्र हे चार विषय परस्परांशी पूर्णपणे जोडले जातात आणि किमान चार वेळांची गरज उत्पन्न होते. हे चारही विषय एकाच वेळी घेणारा विद्यार्थी एकही नाही. तरी त्यांच्यासाठी चार वेळा लागतात. निवडींच्या जाळ्यातून उद्भवणारी गरज कोणा एकाच्या अर्जात दिसत नाही, हे या उदाहरणाचे मर्म होय.

या विद्यार्थ्याला सामावून घेण्याचे दोन मार्ग आहेत. एक, चौथी वेळ उघडणे. दुसरा, भाषाविज्ञानाची दुसरी तुकडी तिसऱ्या वेळी काढणे; म्हणजे तो पहिल्या वेळी अर्थशास्त्र, दुसऱ्या वेळी संख्याशास्त्र व तिसऱ्या वेळी भाषाविज्ञान शिकू शकेल. पहिल्या मार्गाची किंमत खोल्या आणि दिवसाची लांबी यांत मोजावी लागते, दुसऱ्याची शिक्षकाच्या तासांत. दुसरी तुकडी काढली तरी भाषाविज्ञानाच्या पंचाहत्तर विद्यार्थ्यांपैकी तीत कोणाला घालता येईल, हा प्रश्न उरतोच. पहिल्या तीन वेळांच्या मांडणीत पहिल्या व चौथ्या गटाचा तिसरा तास संस्कृतकडे आणि दुसऱ्याचा मानसशास्त्राकडे आहे. अर्थात् नव्या तुकडीत तो एकटाच बसेल. एकट्यासाठी शिक्षकाने तासिका घ्यावी की नाही, हा निर्णय गणिताने होत नाही. तो विद्यापीठाने घ्यावयाचा आहे. मात्र तो घेतला जात आहे हे निदान कळून घेतला जावा.

४. न नोंदलेली मागणी

वरील उदाहरणात आपण विद्यार्थ्यांची निवड आधी जाणून घेतली व मग वेळापत्रक रचले. प्रत्यक्षात बहुधा उलट घडते. वेळापत्रक आधी ठरते, आणि विद्यार्थी त्यातून निवड करतात. मग एकशे पहिल्या विद्यार्थ्याचे काय होते? तो कार्यालयात येतो, भाषाविज्ञान व अर्थशास्त्र एकाच वेळी असल्याचे पाहतो आणि अर्थशास्त्राऐवजी मानसशास्त्र घेतो. त्याचा अर्ज नियमांत बसतो, नोंदणी पूर्ण होते. त्याची मूळ इच्छा कोणत्याही कागदावर उरत नाही.

पुढील वर्षी वेळापत्रक रचणारा प्राध्यापक मागील वर्षीची नोंदणी पाहतो. भाषाविज्ञान व अर्थशास्त्र एकत्र घेतलेला विद्यार्थी तीत एकही आढळत नाही. तेव्हा ते दोन विषय पुन्हा एकाच वेळी ठेवण्यास हरकत नाही, असे त्याला वाटते. त्याचा तर्क निर्दोष आहे, पुरावा मात्र सदोष आहे. ती जोडी कोणी घेतली नाही, कारण ती घेता येत नव्हती. अशा रीतीने एकदा झालेला योगायोग दरवर्षी स्वतःलाच प्रमाण ठरवीत राहतो. नोंदणीपुस्तक हे विद्यार्थ्यांच्या इच्छेचे चित्र आहे असे आपण समजतो; वस्तुतः ते इच्छा व वेळापत्रक यांच्या तडजोडीचे चित्र असते.

याचा सर्वांत मोठा तडाखा लहान विषयांना बसतो. पाली, अर्धमागधी, फारसी, भाषाविज्ञान यांसारखे विषय ज्यांना हवे असतात, त्यांना ते बहुधा दुसऱ्या एखाद्या मोठ्या विषयाच्या जोडीने हवे असतात : इतिहासाबरोबर फारसी, मराठीबरोबर अर्धमागधी, तत्त्वज्ञानाबरोबर पाली. मोठ्या विषयाला विद्यार्थी पुष्कळ असल्याने त्याची वेळ आधी ठरते, आणि लहान विषय उरलेल्या जागेत टाकला जातो. ती जागा त्या मोठ्या विषयाच्या वेळेवरच पडली, तर लहान विषयाची विद्यार्थिसंख्या घटते. आणि किमान संख्येचा नियम लावताना विषयाला मागणी नाही असा शेरा पडतो. रिक्त पद न भरण्यासही हाच शेरा पुरतो. एखाद्या विषयाला खरोखरच मागणी नसणे शक्य आहे. पण ती नव्हती की तिला वाट नव्हती, हे नोंदणीच्या आकड्यांवरून सांगता येत नाही.

५. जागांची वाटणी

वेळांचा प्रश्न सुटला तरी जागांचा प्रश्न राहतो. प्रयोगशाळेत वीसच मेजे असतील आणि तीस विद्यार्थ्यांना तो विषय हवा असेल, तर कोणाला नाकारावयाचे? प्रथम येणाऱ्यास प्रथम, हा नियम सर्वांत जुना व दिसावयास सर्वांत निष्पक्षपाती आहे. पूर्वी त्यासाठी खिडकीपुढे रांग लागे; आता ठरलेल्या क्षणी संकेतस्थळ उघडते आणि काही मिनिटांत जागा संपतात. ज्याच्याकडे चांगले जाळे व मोकळा वेळ आहे त्याला येथे लाभ होतो. त्या वेळी लोकलगाडीत अथवा एस.टी.त असलेला, किंवा सकाळची नोकरी करणारा विद्यार्थी मागे पडतो. विषयाची गरज वा गोडी यांचा या निवडीशी काहीही संबंध नसतो.

दुसरा मार्ग सोडतीचा. क्रमांक काढावेत आणि ज्याचा क्रमांक आधी त्याने आपले सर्व विषय निवडून मोकळे व्हावे. या पद्धतीत खोटे बोलून काही मिळत नाही, हा तिचा गुण होय. तिचा दोष असा की, पहिल्या क्रमांकाचा विद्यार्थी आपली पाचवी आवड म्हणून जी जागा घेतो, ती शेवटच्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याची पहिली आवड असू शकते. हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयात यावर उपाय म्हणून फेऱ्यांची पद्धत आली : प्रत्येक फेरीत प्रत्येकाला एकच विषय, आणि दुसऱ्या फेरीत क्रम उलटा. एरिक बुडिश व एस्टेल कांतियों यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात या पद्धतीचा अभ्यास आहे. तीत विद्यार्थी आपल्या आवडीचा क्रम बदलून सांगतात असे त्यांना आढळले. जो विषय लवकर भरतो तो वर घेतात आणि खरा आवडता पण कमी गर्दीचा विषय खाली ठेवतात. या लबाडीने सर्वांचेच नुकसान होते. तथापि एवढे होऊनही, एकाने सर्व विषय एकदम निवडण्याच्या सोडतीपेक्षा ही पद्धत विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सरस ठरते, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

बुडिश यांनी २०११ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तावर आधारलेली एक व्यवस्था पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन विद्यालयात २०१३ पासून अमलात आली. प्रत्येक विद्यार्थ्याला जवळजवळ सारखी कृत्रिम रक्कम दिली जाते. विद्यार्थी विषयांचे आपल्या लेखी असलेले मोल कळवितो. आणि संगणक विषयांच्या अशा किमती शोधतो की, प्रत्येकाने आपल्या रकमेत परवडणारा सर्वोत्तम संच घेतला असता मागणी व जागा यांचा जवळजवळ मेळ बसावा. रकमा अगदी सारख्या न ठेवता किंचित् कमी-अधिक का ठेवाव्या लागतात, हे समजण्यास सोपे आहे : सर्वांजवळ नेमकी तेवढीच रक्कम असेल आणि सर्वांना तीच एक जागा हवी असेल, तर कोणतीही किंमत ती एकालाच देऊ शकणार नाही.

६. आपल्या विभागांपुरता क्रम

अशा मोठ्या यंत्रणा प्रत्येक विद्यापीठास परवडतील असे नाही. पर्ड्यू विद्यापीठात आकारास आलेली युनिटाइम ही प्रणाली मुक्त स्रोताची असल्याने कोणासही वापरता येते, आणि २०१९ च्या आंतरराष्ट्रीय वेळापत्रक स्पर्धेत विषयांच्या वेळा, खोल्या व विद्यार्थ्यांची तुकड्यांतील वाटणी हे सारे एकाच प्रश्नात गोवण्यात आले होते. वेळापत्रक आणि नोंदणी वेगळी करता येत नाहीत, ही जाणीव या क्षेत्रात आता रूढ झाली आहे. परंतु तिचा लाभ घेण्यासाठी प्रथम यंत्र लागत नाही, कामाचा क्रम बदलावा लागतो.

पहिली पायरी म्हणजे मागील सत्र संपण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून इच्छापत्र घेणे. त्यात वेळा दाखवू नयेत. केवळ विषय व त्यांचा पसंतीक्रम विचारावा. दुसरी पायरी म्हणजे त्यावरून विषयांच्या जोड्यांचा तक्ता करणे : कोणती जोडी किती जणांना हवी आहे. चाळीस विषयांच्या ७८० जोड्या होतात. इच्छापत्रे यादीत उतरविली की ही मोजणी साध्या संगणकावर सहज होते. तिसरी पायरी वेळापत्रकाची. त्यात सर्वाधिक संघर्षाचे विषय प्रथम ठेवावेत, आणि ज्यांची एकच तुकडी आहे असे लहान विषय मोठ्यांच्या आधी ठेवावेत; कारण मोठ्या विषयाची तुकडी अन्य वेळी असू शकते, लहान विषयाला दुसरी वाट नसते. चौथी पायरी म्हणजे वेळापत्रक जाहीर करताना त्याबरोबर कोणत्या जोड्या अशक्य झाल्या आहेत याची यादी देणे. पाचवी पायरी प्रत्यक्ष नोंदणीची. जागा कमी असतील तेथे घाईऐवजी ठरावीक मुदतीत पसंतीक्रम घेऊन वाटणी करावी, आणि पदवी पूर्ण होण्यास ज्याला तो विषय याच सत्रात आवश्यक आहे त्याला अग्रक्रम द्यावा.

सहावी पायरी सर्वांत स्वस्त आहे आणि तीच बहुधा कोठे घेतली जात नाही : नाकारलेल्या मागणीची नोंदवही. कोणास कोणता विषय हवा होता, तो का मिळाला नाही – वेळ जुळली नाही, जागा संपली, की विषय उघडलाच नाही – हे एका ओळीत लिहून ठेवावे. वर्षअखेरीस अभ्यास मंडळापुढे एखादा विषय बंद करण्याचा प्रस्ताव येईल, तेव्हा नोंदणीच्या आकड्यांशेजारी ही वहीही ठेवली जावी.

एकशे एकाव्या विद्यार्थ्याला प्रत्येक वेळी सामावून घेता येईल, असे आश्वासन कोणतेही विद्यापीठ देऊ शकत नाही. खोल्या मोजक्या आहेत, शिक्षकांचे तास मोजके आहेत आणि आठवड्याला सातच दिवस आहेत. परंतु त्याला नाकारले गेले आणि ते कोणत्या कारणाने, एवढे तरी विभागाच्या दप्तरी असावे. पुढच्या वर्षी वेळापत्रकाचा कोरा कागद ज्याच्यापुढे येईल त्याला एवढी एक नोंद पुष्कळ उपयोगी पडेल.